नावठेवी बाग

दारातला दगड वाचून तुम्ही हसलात ना? हसा, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. या बागेत पहिल्यांदा येणारा माणूस त्या दगडापाशी थांबतो, एकदा वाचतो, परत वाचतो आणि मग बरोबरच्याला कोपराने ढोसून दाखवतो. दगडावर लिहिलंय, ‘या माळावर हिवरगव्हाणच्या गावकऱ्यांनी आमदार सखाहरी उगले यांना नावं ठेवली.’ खाली ना साल, ना कुणा पाहुण्याचं नाव. रस्त्यावरच्या सरकारी पाटीवर ‘आमदार सखाहरी उगले सार्वजनिक उद्यान’ असं नाव आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर स्टँडवरचा रिक्षावाला डोकं खाजवेल. नावठेवी म्हणा, लगेच आणून सोडेल.

आत या, असे निंबाच्या सावलीत बसा. इथून सगळी बाग दिसते. तीन बाजूंनी घडीव दगडाची भिंत आहे आणि चौथ्या बाजूला काहीच नाही. ती कुंभारआळीची बाजू. समोर जमीन हळूहळू खाली उतरते आणि ओढ्याच्या काठाला काळ्या मातीचा मोठा खड्डा लागतो. ती कुंभारांची खाण. गुलमोहराच्या रांगेतून, मुलांच्या झोपाळ्यांच्या बाजूने एक पायवाट त्या खाणीकडे गेलेली दिसते ना? ती माणसांसाठी केलेली नाही. ती गाढवांची वाट आहे. इथे बागेतून गाढवं जातात आणि त्यांना कुणी हाकलत नाही.

हे असं कसं झालं ते सांगते. मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या सासूबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन गावात आल्या होत्या, त्यांनी जसं सांगितलं तसं सांगते. गावात दुसऱ्या कुणाला विचारलंत तर एखादं वाक्य याच्या तोंडचं त्याच्या तोंडी जाईल, पण हकिकत हीच ऐकायला मिळेल.

आपलं राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. ही सगळी जागा म्हणजे उघडा माळ होता. वर खुरटं गवत आणि खाली ओढ्याकडे ती माती. त्या मातीचं मडकं असं पाणी गार करायचं म्हणे, की उन्हातून आलेला पाहुणा पहिला तांब्या संपवून दुसरा मागायचाच. कुंभारआळीतली घरं पिढ्यानपिढ्या तिथूनच माती आणत. गावातल्या लग्नातले रंगवलेले कलश, संक्रांतीची सुगडं, नवरात्रातले घट, आणि माणूस गेला की पुढे धरायचं मडकं, सगळं त्याच खड्ड्यातून आलेलं असायचं.

त्या वेळचे आमदार म्हणजे सखाहरी उगले. सगळे त्यांना तात्या म्हणत. उंच, सावळा माणूस आणि आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी सभा चालू राहायची. गावाचा तलाव त्यांनी मंजूर करून आणला. शाळेला सातवीच्या पुढचे वर्ग त्यांनीच मिळवून दिले, म्हणून या गावच्या मुली मॅट्रिकपर्यंत शिकू शकल्या. माणूस खरोखर चांगला होता, आणि लोकांचा जीव होता त्यांच्यावर.

अशा माणसाचं काहीतरी करावं असं गावाला वाटू लागलं. सत्कार करून झाले होते. शाली इतक्या झाल्या होत्या की तात्यांच्या घरी गोधडीलाही शालच लावतात, असं लोक गमतीने म्हणत. तेव्हा सरपंच होते रंगनाथअण्णा. मोठे हौशी गृहस्थ. ते म्हणाले, “आता शाल नको, फेटा नको. बाग करू. माळाला भिंत घालू, झाडं लावू, दारात तात्यांचं नाव कोरू. मंत्र्यांना बोलवू आणि थाटात लोकार्पण करू.” साऱ्या गावाला ते पटलं. पाथरवट बोलावला, दगड आला, आणि भिंतीच्या पायासाठी माळाच्या चारी बाजूंनी चर खणायला सुरुवात झाली. कुंभारआळीच्या बाजूचा चर नेमका गाढवांच्या वाटेवर आडवा गेला.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. कुंभारांना विचारायला हवं हे कुणाच्या मनातच आलं नाही, एवढंच.

त्या आळीत ठकूबाई म्हणून एक बाई होती. नवरा लवकर गेला. घरात म्हातारी सासू, पदरात लहान मुली. त्या काळी बाईने चाकावर बसायचं नाही, माती मळायची, भट्टी लावायची, मडकी विकायची, पण चाक फिरवायचं ते पुरुषाने, अशी रीत होती. ठकूबाई नवऱ्याच्या चाकावर बसली. गावाने तिला नाही नाही ते बोलून घेतलं. काही दिवस तिच्या हातची मडकीसुद्धा कुणी घेत नव्हतं. मग उन्हाळा आला, घरातली जुनी मडकी झिरपायची थांबली, पाणी गार होईना, आणि लोक मुकाट्याने तिच्या दारात आले.

चर खणायला लागल्यावर ठकूबाईची गाढवं अडली. गाढव चर ओलांडत नाही. मारा, ओढा, पुढचे पाय रोवून उभं राहतं. मग ती आणि आळीतल्या बाया ओढ्याच्या बाजूने लांबचा वळसा घालून डोक्यावरून माती आणू लागल्या. पण चर तिकडूनही पुढे सरकत होता. भिंत उभी राहिली की खाण भिंतीच्या आत जाणार आणि फाटकाला कुलूप लागणार, हे तिला दिसत होतं. पावसाळा तोंडावर आला होता. त्याच्या आत वर्षाची माती घरात येऊन पडली नाही, तर दिवाळीच्या पणत्याही नाहीत आणि संक्रांतीची सुगडंही नाहीत. सगळ्या आळीचा तोच प्रश्न होता.

ठकूबाई तात्यांना भेटायला तालुक्याला गेली. त्यांच्या दारात एक माणूस बसलेला असे.

“काय काम आहे?” त्याने विचारलं.

“मातीचं,” ती म्हणाली.

“मातीचं काम तहसिलीत. इथं नाही.”

ती तहसिलीत गेली. तिथल्या माणसाने सांगितलं, बागेचं काम आमदारसाहेबांचं आहे, त्यांच्याकडे जा. ती पुन्हा तात्यांच्या दारात आली, तेव्हा तात्या मुंबईला निघून गेले होते. ती सरपंचांकडेही गेली म्हणे, पण अण्णा फेट्याला कोणता रंग घ्यावा या चर्चेत होते. “नंतर ये, बाई,” म्हणाले. ती परत आली आणि डोक्यावरून माती आणत राहिली.

आता दवंडीची गोष्ट.

दगड आला होता, पण त्यावर नाव काय कोरायचं यावर गावात एकमत होईना. कुणी म्हणे नुसतं ‘तात्यांची बाग’, कुणी म्हणे पूर्ण नाव हवं, कुणाला आधी ‘लोकनेते’ हवं होतं. पाथरवट बिचारा छिन्नी घेऊन विड्या ओढत बसला होता. शेवटी अण्णांनी ठरवलं की तात्यांनाच बोलवावं आणि सगळ्या गावासमोर नाव पक्कं करावं. त्यांनी भागुजी कोतवालाला हाक मारली आणि सांगितलं, “उद्या दिवस कलल्यावर माळावर सभा आहे. बागेला आमदारांचं नाव ठेवायचंय. सगळ्यांना यायला सांग.”

भागुजी हलगी घेऊन निघाला. वाटेत त्याने विचार केला म्हणे. आमदारांचं नाव ठेवायचं? त्यांच्या आईबापांनी ते बारशालाच ठेवलेलं आहे. आता म्हातारपणी परत कशाला ठेवतील? म्हणजे अण्णांना नाव नाही, नावं म्हणायचं असणार. त्याच्या डोक्यात हे असं पक्कं बसलं, आणि वेशीत उभं राहून त्याने आरोळी दिली:

“ऐका हो ऐका! उद्या दिवस कलल्यावर माळावर सभा हाय हो! आमदार तात्यांना नावं ठेवायचीत! बायाबापड्यांनी, थोरामोठ्यांनी, समद्यांनी नावं ठेवायला यावं हो!”

कुणी म्हणतात भागुजीने हे मुद्दाम केलं. त्याचं घर कुंभारआळीच्या शेजारीच होतं. पण सासूबाई म्हणायच्या, भागुजीला इतकं मुद्दाम काही जमणारं नव्हतं.

साऱ्या गावात खळबळ उडाली. आमदाराला नावं ठेवायची, तीही दवंडी पिटून, तीही त्याच्या तोंडावर! जाणती माणसं म्हणाली, “नवं राज्य आलंय. लोकशाही म्हणतात ती हीच असंल.” मग त्या संध्याकाळी घराघरांत तयारी सुरू झाली. जो तो आपलं म्हणणं मनाशी घोळवू लागला. सासूबाईंचे सासरे ओसरीवर येरझाऱ्या घालत, बोट वर करून भिंतीला काहीतरी सुनावत होते म्हणे. सासूबाईंनी नवी सून म्हणून हसू दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी माळ माणसांनी भरून गेला. मतं मागायच्या सभेला कधी आली नव्हती एवढी माणसं आली. एरवी सत्काराला कुंभारआळीतलं कुणी फिरकायचं नाही, कारण हारतुऱ्यांत आपलं काय काम, असं त्यांना वाटे. त्या दिवशी सगळी आळी आली. ठकूबाईही आली आणि बायकांच्या मागे उभी राहिली.

तात्या आले. गोदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नीही बरोबर होत्या. हार घालून झाले. अण्णा उठले आणि म्हणाले, “ज्या कामासाठी आपण जमलो आहोत, त्याला सुरुवात करू. कुणाला काय सुचवायचं असेल ते मोकळेपणाने बोला.”

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. “अण्णा, नावं ठेवायला सुरुवात कुठून करायची? मागल्या निवडणुकीपासून, का त्याच्याही आधीपासून?”

अण्णांना काही कळेना. “कसली नावं?”

“तात्यांना ठेवायची ती. दवंडी दिली ना काल तुम्ही.”

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी गर्दीत भागुजीला शोधलं आणि ओरडले, “भाग्या! काय सांगितलं होतं तुला आणि काय पिटून आलास?”

“जे सांगितलं तेच, अण्णा,” भागुजी म्हणाला. “फक्त मोठ्यानं.”

अण्णा हात जोडून सगळ्यांना सांगू लागले, चूक झाली, घरी जा, सभा रद्द. लोक चुळबुळले. कुणी उठेना. सगळ्यांचे डोळे तात्यांकडे होते. आधी तात्यांचा चेहरा रागाने लाल झाला, असे सांगतात. मग ते गर्दीकडे बघत राहिले. मग त्यांनी गळ्यातले हार काढले, खुर्ची मागे सारली, आणि खाली मातीत मांडी घालून बसले.

“दवंडी गावाची असते,” ते म्हणाले. “ती खोटी पडता कामा नये. ठेवा नावं.”

पण आता कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. काल भिंतीला सुनावणारे सगळे जमिनीकडे बघू लागले. तेव्हा गोदाकाकू उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “कुणी बोलत नसेल तर मी सुरुवात करते. मला सराव आहे.”

सगळा माळ हसला.

“काकू, आधी नाव घ्या!” बायकांतून कुणीतरी ओरडलं.

“नाव घ्यायला लाज वाटते गं, नावं ठेवायला कसली लाज?” काकू म्हणाल्या. “हा माणूस साऱ्या तालुक्याचं ऐकतो आणि घरी आला की रेडिओ लावतो. जेवायला येतो म्हणतो आणि पंगत उठल्यावर येतो. बरोबर दहा माणसं आणतो आणि मला सांगतो, काही करू नकोस, नुसता चहा टाक. नुसता! आणि दारात जो माणूस बसवून ठेवलाय ना, तो माझ्या माहेरच्यांनासुद्धा आत सोडत नाही. मागच्या खेपेला माझा भाऊ परसदारातून आला.”

तात्या मान खाली घालून हसत होते. पण त्यांनी उत्तर दिलं नाही.

मग लोकांना धीर आला. एकजण म्हणाला, “तात्या, रस्ता केलात तो चांगला केलात, पण तुमच्या मेहुण्याच्या मळ्याला वळसा घालून का नेलात ते सांगा.” दुसरा म्हणाला, “लग्नाला येता आणि अक्षता पडायच्या आत जाता. माझ्या पोरीच्या लग्नात भटजी तुमच्यासाठी थांबले, आणि तुम्ही त्यांच्यासाठी थांबला नाहीत.” शाळेच्या छपराचं निघालं, दवाखान्यात डॉक्टर नसल्याचं निघालं. एक आजी उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, “भाषण लई लांब करता बाबा. पाय दुखतात.” त्यावर टाळ्या पडल्या. तात्या ऐकत होते. मेहुण्याचं ऐकताना त्यांच्या कानाची पाळी लाल झाली, पण तेव्हाही ते काही बोलले नाहीत.

सगळं ओसरल्यावर मागून ठकूबाई पुढे आली. गर्दीने वाट दिली. ती तात्यांसमोर उभी राहिली.

“बोला बाई,” तात्या म्हणाले. “ठेवा नावं.”

“मी नावं ठेवायला न्हाई आले,” ठकूबाई म्हणाली. “मला ह्या गावानं लई नावं ठेवलीत. ती कशी लागतात ते मला ठावं हाय. म्हणून मी कुणाला ठेवीत न्हाई. पण आज दवंडी झाली, म्हणून तुमच्यापत्तुर पोचता आलं. नाव ठेवायला बोलावलं असतं तर आले नसते.”

मग ती माळाच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाली, “त्यो चर आमच्या वाटेत आडवा आलाय. भिंत झाली की खाण आत जाणार. तात्या, पहिल्या निवडणुकीत तुम्ही आमच्या आळीत आलता. माझा मालक जिता होता तवा. समदे म्हणले रस्ता द्या, नळ द्या. त्यो म्हणला, आमाला कायबी नको, फकस्त खाण मोकळी राहू द्या. तवा तुम्ही त्याच्या चाकावर हात ठेवून म्हणलात, मी हाय तवर ह्या खाणीला कुणी कुलूप लावणार न्हाई. मी चाकाजवळच बसले हुते, माती मळीत. तुम्ही इसरलात. त्याच्यात कायबी नवल न्हाई, तुम्हाला समद्या तालुक्याचं बघावं लागतंय. पण आता कुलूप लागणार, आणि त्याच्यावर नाव तुमचंच असणार.”

कुंभार लोक चाकाला देव मानतात. चाकावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला तर चाक फिरायचं थांबतं, अशी त्यांची समजूत आहे.

तात्यांचे डोळे भरून आले, असे सांगतात. काहीजण म्हणतात, तसं काही नाही, ते फक्त उठले. ते उठले हे मात्र सगळे सांगतात. ते ठकूबाईकडे बघून म्हणाले, “आठवलं. दारात लिंबाचं झाड होतं आणि नवऱ्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. हाताला लागलेली माती मी ओढ्यात धुतली आणि पुढच्या गावाला गेलो.”

अण्णा लगबगीने पुढे झाले. “तात्या, पाया खणून झालाय. मंत्र्यांची तारीख मिळालीय. कुंभारांसाठी आपण दुसरीकडे जागा बघू. गावाची एवढी हौस आहे, ती मोडू नका.”

“अण्णा,” तात्या म्हणाले, “तुम्ही माझं नाव मोठं करायला निघाला आहात. आणि माझा शब्द त्या चरात पडलाय. आधी तो काढू द्या.”

ते सरळ चराकडे चालत गेले. पांढरं धोतर खोचलं आणि चराच्या कडेला लावलेला मातीचा ढीग पायानेच आत लोटू लागले. एवढा मोठा माणूस पायाने माती लोटतोय, हे बघून लोकांनाच अवघडलं. कुणीतरी धावत जाऊन फावडं आणून दिलं. मग घमेली आली, टोपल्या आल्या. ज्यांनी मजुरी घेऊन तो चर खणला होता, ते गडीच आधी पुढे सरसावले. कुणी म्हणालं, “तात्या, तुम्हाला नावं ठेवली ती जरा जास्तच झाली का?” तात्या म्हणाले, “माती ओढा हो. उरलेली नावं हात चालवता चालवता ठेवा.” आणि लोकांनी ठेवली. हसत, घाम पुसत, दिवस मावळेपर्यंत माती लोटत राहिले. अण्णाही शेवटी फेटा काढून आले. त्यांनी पहिलं घमेलं उचललं तेव्हा भागुजीने हलगी वाजवली म्हणे.

तात्या माघारी निघाले तेव्हा पाथरवटाने विचारलं, “साहेब, मग आता दगडावर कोरू काय?”

तात्या म्हणाले, “जे झालं ते कोर.”

त्याने ते कोरलं.

लोकार्पणाच्या दिवशी मुंबईहून आलेल्या मंत्र्यांनी दगड वाचला आणि तात्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, हे काय भलतंच! पाथरवटाला ‘नाव’ लिहायचं होतं, त्यावर एक टिंब जास्तीचं पडलंय. खरवडून घ्या.”

तात्या म्हणाले, “ते टिंब राहू द्या. त्या एका टिंबासाठीच ही बाग आहे.”

दारात बसणारा तो माणूस त्यानंतर तात्यांनी काढून टाकला, असं गोदाकाकूंकडची माणसं सांगतात. मेहुण्याच्या मळ्याजवळचा रस्ता मात्र अजून तसाच वळसा घेऊन जातो. तुम्ही त्याच रस्त्याने आला असाल.

आजही दर वर्षी वैशाखात, माती काढायचे दिवस संपत आले की, इथे नावं ठेवायची सभा भरते. आमदार कुठल्याही पक्षाचे असोत, ते येतात. त्यांना हार घालत नाहीत आणि खुर्ची देत नाहीत. इथे, या निंबाखाली, मातीत बसायचं. सुरुवात त्यांच्या घरच्या बाईने करायची, मग गावाने. बोलणाऱ्याने समोर उभं राहून, आपलं नाव सांगून बोलायचं. पाठीमागून बोललेलं या बागेत चालत नाही. आमदारांनी मध्ये उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की कुंभारआळीतली एखादी बाई त्यांना खाणीतल्या मातीच्या नव्या मडक्यातलं पाणी देते, आणि ते पिऊन झाल्यावरच त्यांनी तोंड उघडायचं. एकदा एक नवे आमदार रागावून मध्येच उठून गेले. पुढच्या वर्षी ते आपणहून आले आणि आधीच्या वर्षीचं राहिलेलं ऐकून घेतलं. या सभेची दवंडी आजही हलगीवरच देतात, आणि नावं म्हणताना जरा जास्तच जोर देतात.

लोक असंही म्हणतात की खाणीतून कितीही माती काढली तरी ती खोल होत नाही. ओढ्याला पूर आला की गाळ येऊन बसतो, म्हणून तसं होत असेल. ठकूबाईचं चाक मात्र कधी थांबलं नाही, हे खरं. तिच्या नातीची सून आता त्यावर बसते. बाई म्हणून तिला कुणी काही बोलत नाही.

येणारी माणसं मला विचारतात, मंत्री मग काय म्हणाले, तात्या पुढच्या निवडणुकीत निवडून आले का. आले. पण सासूबाईंची गोष्ट तिथे संपत नसे. त्या नेहमी सभेनंतरची सकाळ सांगून थांबायच्या, म्हणून मीही तिथेच थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईने गाढवं सोडली. पुढचं गाढव बुजवलेल्या चराच्या ताज्या मातीपाशी थांबलं, त्याने वास घेतला आणि ते पलीकडे गेलं. मागची त्याच्यामागे गेली. ठकूबाई खाणीत उतरली, माती भरली आणि न्याहारीच्या वेळेला घरी आली.